कांकालच्या ओहोटीला निघालेल्या बायका: सार्जंटच्या एका चित्राचं प्रकरण

इम्प्रेशनिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये उघड्यावरचा उजेड पकडू बघणाऱ्या चित्रकारांच्या चित्रांत समुद्र भरपूर आहे, पण तो बराचसा हवापालटाला आलेल्या लोकांचा समुद्र आहे. छत्र्या, पांढरे झगे, खुर्च्या टाकून बसलेली माणसं, लांब कुठेतरी शर्यतीच्या होड्या. ज्यांचं पोट त्या समुद्रावर चालतं ती माणसं असतात, पण मागे, ठिपक्याएवढी. म्हणून ज्या थोड्या चित्रांत कामाला निघालेली माणसं अगदी समोर, कॅनव्हासच्या मधोमध येतात त्यांच्याकडे मी जरा थांबून बघतो, आणि त्यातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं १८७८ चं ‘मासेमारीला निघताना’. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ एवढाच. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचं एक छोटं भावंड बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, त्याबद्दल पुढे येईलच, कारण ते भावंड सोडून हे प्रकरण पूर्ण होत नाही.

आधी एक शंका मिटवू. सार्जंट इम्प्रेशनिस्ट होता का? त्यांच्या प्रदर्शनांत तो कधी नव्हता. तो पॅरिसला कारोलूस-द्यूरां या त्या काळच्या नावाजलेल्या पोर्ट्रेट पेंटरकडे शिकला, १८७४ साली त्याच्या अटेलियेत म्हणजे शिकवायच्या स्टुडिओत दाखल झाला, आणि गंमत म्हणजे त्याच वसंतात मोने, रेन्वार, पिसारो या इम्प्रेशनिस्ट मंडळींनी फोटोग्राफर नादारच्या जागेत आपलं पहिलं प्रदर्शन लावलं होतं. म्हणजे पोरगा शहरात आला तेव्हाच ही सगळी हवा तापलेली होती. पुढे मोनेशी त्याची चांगली दोस्ती झाली, जंगलाच्या कडेला बसून चित्र काढणाऱ्या मोनेचं त्याने केलेलं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तेव्हा गटात नसला तरी उघड्यावरचा उजेड पकडायची त्यांची जी तहान होती ती त्यालाही लागलेली होती, आणि ती पहिल्यांदा नीट दिसते ती याच चित्रात. मी तरी याला बिनधास्त इम्प्रेशनिस्ट वळणाचं चित्र म्हणतो.

आता परिस्थिती काय होती ते बघा. १८७७ चा उन्हाळा. सार्जंट एकवीस वर्षांचा. जन्म फ्लॉरेन्सचा, आईवडील अमेरिकन, वडील डॉक्टर पण घर सोडून युरोपभर फिरत राहिलेलं कुटुंब, त्यामुळे हा मुलगा कागदोपत्री अमेरिकन आणि प्रत्यक्षात अमेरिका पहिल्यांदा बघितली ती १८७६ साली, विशीत. सालोंमध्ये म्हणजे पॅरिसच्या त्या प्रचंड सरकारी प्रदर्शनात १८७७ साली त्याचं पहिलं चित्र लागलं होतं, ओळखीतल्या एका तरुणीचं पोर्ट्रेट. चांगलं होतं, पण पोर्ट्रेट पेंटरच्या शिष्याने पोर्ट्रेट लावलं तर लोक काय म्हणणार, गुरूसारखं जमतंय बरं का, एवढंच. मला वाटतं पुढच्या वर्षी काय पाठवायचं हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता, कारण सालोंमध्ये भिंतीवर वरपासून खालपर्यंत हजारो चित्रं एकमेकांना खेटून असायची आणि तिथे नजर थांबवायची तर विषयही हवा, हातही हवा. मग उन्हाळ्यात तो उठला आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंट मालोजवळच्या कांकाल नावाच्या मच्छीमार गावात जाऊन राहिला.

कांकाल का, याचं एक व्यवहारी उत्तर आहे की तो विषय चालणारा होता. ब्रिटनीच्या बायका, त्यांचे पांढरे टोप, लाकडी जोडे हे पॅरिसच्या लोकांना बघायला आवडायचं, चित्रकार तिथे जातच होते. ओग्युस्त फेयां-पेरँ नावाच्या चित्रकाराने १८७४ च्या सालोंमध्ये नेमकं कांकालचंच चित्र लावलं होतं, मोठ्या ओहोटीला कालवं काढून परतणाऱ्या बायकांचं. त्याचा भाऊ युजीनसुद्धा कांकालच्या बायकांची चित्रं करायचा. म्हणजे पोराने नवा विषय शोधला असं काही नाही. त्याने रुळलेलाच विषय उचलला, आणि मग त्यात जे बदल केले तिथे हे प्रकरण अभ्यासण्यासारखं होतं.

पण ते बदल कळायला आधी ते गाव आणि तिथलं पाणी कळायला हवं, आणि चित्रकलेवर लिहिणारे बरेच लोक नेमकं हेच घाईत उरकतात असं माझं मत आहे.

कांकाल मों-सें-मिशेलच्या उपसागराच्या पश्चिम काठावर आहे. या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक युरोपातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी आहे, उधाणाला तेरा-चौदा मीटरपर्यंत जातो. मुंबईला उधाणाला हाच फरक पाच मीटरच्या आतबाहेर असतो, त्यावरून अंदाज करा. तळ इतका सपाट की पाणी ओसरलं की कित्येक किलोमीटर जमीन उघडी पडते, वाळू, चिखल, खडक, मधे मधे साचलेलं पाणी. सहा तासांपूर्वी जिथे होडी तरंगत होती तिथे माणूस चालत जातो. मग त्या उघड्या पडलेल्या तळावर जे मिळतं ते गोळा करायचं, शिंपले, तिसऱ्यांसारखे जीव, खेकडे, कोळंबी, खड्ड्यात अडकलेला मासा. फ्रान्समध्ये याला पायी मासेमारी म्हणतात आणि ती मुख्यतः बायका-पोरांची. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जाणाऱ्या बायका ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, पाणी किती वाजता हटणार हे त्यांना तोंडपाठ असतं आणि चूल, पोरं, बाजार सगळं त्या हिशोबाने मागेपुढे होतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो जी मला या चित्राच्या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला एखाद्या ठिकाणी भरतीची वेळ साधारण ठरलेली असते, कारण तेव्हा चंद्र आणि सूर्य एका रेषेत असतात. मुंबईला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून तर पावसाळ्यात मोठ्या लाटांचे इशारे बहुतेक दुपारचे असतात, आणि मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी. सेंट मालो-कांकालच्या बाजूला हे बरोबर उलटं. तिथे उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी आणि सगळ्यात खोल ओहोटी दुपारच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त तळ उघडा पडतो, सगळं गाव टोपल्या घेऊन बाहेर पडतं, त्या दिवशी ते बाहेर पडणं भर उजेडात होतं. सूर्य वर, ढग विरळ, वाळू नुकतीच पाण्यातून बाहेर आलेली आणि आरशासारखी ओली. चित्रकाराला आणखी काय हवं. हा उजेड सार्जंटने मनाने रचलेला नाही, तो त्या गावाच्या भरती-ओहोटीच्या गणितातच आहे.

दुसरी गोष्ट, पुरुष कुठे आहेत? चित्रात मोठा पुरुष समोर एकही नाही. बायका आणि पोरं. याचं कारणही गावात आहे. सेंट मालो-कांकालच्या बाजूचे पुरुष वसंतात जहाजांवर चढून अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा पकडायला जायचे, ते परतायचे थेट पानगळीच्या सुमाराला, आणि सगळे परतायचेच असंही नाही. उन्हाळ्यात गाव बायकांचं असायचं. सार्जंट जून ते ऑगस्टच्या दरम्यान तिथे होता, त्याला दिसलं तेच हे.

आता चित्र. आडवा कॅनव्हास, साधारण ७९ बाय १२३ सेंटिमीटर. बायकांचा एक घोळका किनाऱ्यावरून आपल्या दिशेने चालत येतोय, बरोबर मुलं. मधली बाई सगळ्यात पुढे, टोपली कमरेशी धरलेली, चाल मोकळी. डोक्यांना पांढरे टोप-रुमाल, अंगावर गडद जाड झगे, पुढे एप्रन, मुलं अनवाणी. मागे उजवीकडे ला ऊल बंदराचं दीपगृह आणि तिकडून खाली उतरणारी आणखी माणसं, लहान लहान होत गेलेली. वर भरपूर आकाश, पांढरे ढग. आणि खाली, पायांपुढे, साचलेलं पाणी आणि त्यात तेच आकाश.

बस, एवढंच. कोणी वाकलेलं नाही, कोणी काही वेचत नाही. टोपल्या रिकाम्या आहेत.

जवळून बघितलं (दोन्ही म्युझियमच्या साइटवर चांगल्या मोठ्या फोटोंत हे दिसतं) तर पहिल्यांदा लक्षात येतो तो उजेड. तो बायकांच्या मागून येतोय. म्हणजे आपल्याकडे वळलेले चेहरे, छाती, एप्रनचा पुढचा भाग, सगळं सावलीत आहे, आणि ऊन लागलंय ते फक्त कडांना, टोपाच्या वरच्या काठाला, खांद्याच्या रेषेला, टोपलीच्या कडेला. जाड पांढऱ्या रंगाचा एकेक फटकारा, कुठे पिवळसर, कुठे निळसर. सावलीतले चेहरे फार घोटलेले नाहीत, एकाच मधल्या टोनमध्ये मांडून त्यात दोन-तीन गडद टेकवलेत, आणि तरी वय कळतं, मान कुठे वळली तेही कळतं. हे कारोलूस-द्यूरांचं शिक्षण. तो शिष्यांना आधी पेन्सिलीने सगळं बारीक आखून मग रंग भरायला शिकवत नसे, ब्रशनेच थेट मधल्या छटा मांडा, मग त्यावर उजेड आणि अंधार, आणि जुना स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केथ बघा, परत परत बघा, असा त्याचा आग्रह. पोर्ट्रेटच्या बंद खोलीत शिकलेली ही पद्धत सार्जंटने उचलून समुद्रावर आणली आणि ती तिथे इतकी फिट बसली, कारण मागून उजेड असताना माणूस खरोखरच तसाच दिसतो, एक मोठी सावली आणि तिच्या काठावर आग.

आणि मग ती डबकी. माझ्यासाठी चित्राचा जीव तिथे आहे. निळा आडवा फटकारा, मधे सुटलेली वाळूची तपकिरी रेघ, परत निळा, परत थोडा ढगाचा पांढरा, आणि त्यातच कुठे झग्याचं गडद प्रतिबिंब तुटक तुटक. पाणी रंगवलंय असं वाटतच नाही, जवळ गेलं तर नुसते रंगाचे पट्टे, दोन पावलं मागे आलं की एकदम ओलं. कोरडी वाळू, ओली वाळू आणि पाणी या तिन्ही गोष्टी जवळपास त्याच मोजक्या रंगांत, फक्त फटकाऱ्याची दिशा आणि कडा बदलून वेगळ्या केल्यात. वाळूवर कधी पाणी रंगवायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही विचारा हे किती अवघड आहे.

हे सगळं तिथल्या तिथे एका दिवसात झालेलं नाही, हेही सांगायला हवं, कारण इम्प्रेशनिस्ट वळणाचं म्हटलं की लोकांना वाटतं ईझल लावला, उजेड होता तोवर रंगवलं आणि घरी आले. सार्जंटने कांकालला स्केचेस केली, एकेका माणसाचे वेगळे ऑइल स्टडी, म्हणजे तयारीची छोटी तैलचित्रं केली. टोपली घेतलेली बाई, टोपली घेतलेली मुलगी, किनाऱ्यावरचा मुलगा, किनाऱ्यावरची मुलगी, असे चार छोटे स्टडी आज टेरा फाउंडेशन या शिकागोच्या संस्थेकडे आहेत. एका माणसाला एक पाटी, जागेवर, उन्हात, पटकन. मग हे सगळं घेऊन तो पॅरिसला परतला आणि हिवाळ्यात स्टुडिओत बसून मोठं चित्र रचलं, कोण पुढे, कोण मागे, कुणाची मान कुठे. म्हणजे निरीक्षण उघड्यावरचं, रचना खोलीतली. काहींना ही तडजोड वाटते. मला नाही वाटत. सहा जणांचा घोळका चालत येताना त्याला ‘जरा थांबा हो’ म्हणून तासभर उभं करता येत नाही, पाणी परत येतं, आणि त्या बायकांना कामं असतात. चालणं पकडायचं तर ते आठवणीत आणि स्टडीजमध्ये साठवून नंतरच जुळवावं लागणार. महत्त्वाचं हे की खोलीत बसून रचताना उजेड खोलीतला झाला नाही. तो कांकालचाच राहिला, आणि बावीस वर्षांच्या पोराला हे जमलं हे मला अजून थोर वाटतं.

आता भावंड. बोस्टनचं चित्र ४१ बाय ६१ सेंटिमीटर, म्हणजे लांबी-रुंदी साधारण निम्मी, आकार पावच. रचना तीच, माणसं तीच, पण हात जास्त सैल, कडा जास्त विरघळलेल्या. सार्जंटने हे छोटं चित्र १८७८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला पाठवलं, सोसायटी ऑफ अमेरिकन आर्टिस्ट्सच्या पहिल्या प्रदर्शनाला. ही संस्था आदल्याच वर्षी तरुण चित्रकारांनी काढलेली, नॅशनल अकॅडमी या तिथल्या प्रस्थापित संस्थेच्या जुन्या मंडळींना कंटाळून. आणि मोठं, जास्त आवरलेलं चित्र त्याच वसंतात पॅरिसच्या सालोंला. एकाच विषयावर दोन चित्रं, दोन शहरं, दोन प्रकारचे बघणारे. तरुणांना सैल, सालोंच्या ज्युरीला म्हणजे निवड समितीला नीटनेटकं. हा हिशोबीपणा मला अजिबात खटकत नाही, उलट त्याची समज दिसते. न्यूयॉर्कचं चित्र सॅम्युअल कोलमन या निसर्गचित्रकाराने विकत घेतलं, म्हणजे पहिला अमेरिकन गिऱ्हाईकच एक पेंटर, आणि पेंटरने दुसऱ्या पेंटरचं चित्र पैसे मोजून घरी नेणं याहून मोठी दाद नवख्या पोराला काय मिळणार. पॅरिसचं मोठं चित्र अमेरिकन नौदलातल्या ऑगस्टस लडलो केस या ॲडमिरलने घेतलं. आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसाला हे आवडावं याचं मला नवल वाटत नाही. पुढे १९१७ साली ते वॉशिंग्टनच्या कोर्कोरन गॅलरीने घेतलं आणि २०१४ साली कोर्कोरन बंद होऊन तिचा संग्रह वाटला गेला तेव्हा त्याच शहरातल्या नॅशनल गॅलरीकडे आलं.

कोर्कोरनमध्ये मात्र एक गोष्ट झाली. तिथे हे चित्र बरीच वर्षं ‘कांकालच्या कालवं वेचणाऱ्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने लटकत होतं, आणि लोक त्याच नावाने ओळखायचे. बोस्टनच्या छोट्या चित्राच्या नावात कालवं आजही आहेत. कांकाल म्हणजे कालवं हे समीकरण इतकं पक्कं की कोणाला शंकाही आली नसेल. पण उन्हाळा हा तिथल्या चपट्या कालवांचा अंडी घालायचा हंगाम, तेव्हा ती काढायची बंदी असायची. कालवांची मोठी काढणी एप्रिलच्या सुमाराला ठरवून दिलेल्या थोड्या दिवसांत व्हायची, शेकडो होड्या एकदम समुद्रात जायच्या, जाळी ओढून माल आणायच्या आणि किनाऱ्यावर बायका तो निवडायच्या. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे नैसर्गिक कालवांचे थर अति काढणीने इतके रोडावले होते की सरकारने व्हिक्टर कोस्त या शास्त्रज्ञाला ती पुन्हा रुजवायच्या कामाला लावलं होतं. तेव्हा जुलै-ऑगस्टच्या उन्हात रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या या बायका बाजारासाठी कालवं काढायला चालल्या नाहीत. त्या ओहोटीला जे मिळेल ते घ्यायला चालल्यात, घरच्या जेवणासाठी, उरलं तर विकायला. कोर्कोरनने २००९ साली ‘सार्जंट आणि समुद्र’ असं प्रदर्शन भरवलं, पुढे ते ह्यूस्टन आणि लंडनला गेलं, त्या निमित्ताने यावर बरंच काम झालं आणि चित्राला त्याचं सालोंमधलं मूळ नाव परत मिळालं.

नुसतं नाव बदलल्याने काय फरक पडतो असं कुणी म्हणेल. इथे पडतो. कालवं म्हटलं की पॅरिसचं हॉटेल, बर्फावर मांडलेली ताटली, श्रीमंताचं खाणं डोळ्यापुढे येतं, आणि मग या बायका त्या ताटलीच्या मागच्या टोकाला उभ्या दिसतात, दुसऱ्यासाठी राबणाऱ्या. नाव काढून टाकलं की त्या स्वतःच्या घरासाठी निघालेल्या दिसतात. चित्रातल्या चालीशी हे जास्त जुळतं. कुणी हाकललेलं नाही, मुकादम नाही, वेळ ठरवणारं एकच, पाणी.

आता मोठा आक्षेप. या चित्रात काम कुठे आहे? गार पाण्यात तासन् तास वाकून राहणं, बोटं सोलवटणं, भरलेली ओली टोपली कमरेवर घेऊन चिखलातून परत येणं, मीठ लागून भेगाळलेले पाय, यातलं काहीच नाही. सगळ्या ताठ, तब्येतीने चांगल्या, कपडे नीट. सार्जंटने श्रम गाळून सौंदर्य ठेवलं, पॅरिसच्या दिवाणखान्यात टांगता येईल असं गावठी चित्र केलं, असं म्हणता येतं आणि त्यात तथ्य आहे, ते मी झटकून टाकणार नाही. माझ्याही मनात हे येतं. चित्रातल्या एकाही बाईचा हात नीट बघायला मिळत नाही, आणि ज्यांचं सगळं काम हाताचं त्यांच्या चित्रात हात सावलीत जाणं हे मला खुपतं.

पण बाजूला फेयां-पेरँचं चित्र ठेवा. तो परतणाऱ्या बायका दाखवतो, काम संपवून येणाऱ्या. परतीचं चित्र केलं की आपोआप त्यात एक गोष्ट शिरते, कष्टाची, विजयाची, बघा काय आणलं याची. त्या काळी सालोंला तेच हवं असायचं, थकवा पण उदात्त, गरिबी पण देवीसारखी. सार्जंटने दिशाच फिरवली. निघण्याची वेळ घेतली. निघण्याच्या वेळेला गोष्ट नसते, अजून काहीच घडलेलं नाही, त्यामुळे कुणाला थोर करायची किंवा कीव करायची सोय राहत नाही. बायका बोलत चालल्यात, एखादी बाजूला बघतेय, पोरं मधेमधे. आणि हे निघणं कामाच्या बाहेरचं नाही. ओहोटीवर जगणाऱ्या कुठल्याही गावात पाण्याच्या आधी तयार असणं, ते हटायला लागल्याबरोबर त्याच्या मागोमाग खाली उतरणं, हाच कामाचा पहिला भाग आहे. उशीर केला तर खालची चांगली जागा दुसरी पकडते, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. दीपगृहाकडून अजून लोक उतरतायत, म्हणजे पुढच्या बायका वेळेवर निघालेल्या आहेत. वाळू अजून इतकी ओली आहे की पाणी आत्ताच गेलंय. हे सगळं त्याने बघितलं होतं म्हणून रंगवलं, नुसता देखावा हवा असता तर डबकी एवढी मन लावून कशाला केली असती.

म्हणून माझा निवाडा असा की सार्जंटने कामाचा भार दाखवला नाही, पण कामाची वेळ दाखवली, आणि ती इतकी अचूक दाखवली की शास्त्र आणि गाव दोन्ही तिच्या बाजूने साक्ष देतात. भार दाखवणारी चित्रं त्या शतकात खूप झाली, त्यातली काही फारच मोठी आहेत. वेळ दाखवणारं असं दुसरं पटकन आठवत नाही.

कांकाल त्याने पुढे सोडून दिलं. १८७८ च्या उन्हाळ्यात तो इटलीत काप्रीला गेला, १८७९ च्या सालोंमध्ये गुरूचंच पोर्ट्रेट लावून गाजवलं, आणि मग पोर्ट्रेटची जी गाडी सुरू झाली ती १९०७ च्या सुमारापर्यंत थांबली नाही, श्रीमंत घरातल्या बायका, रेशीम, मोती. ते काम अफाट आहे, पण माझ्या मते त्या रेशमावरचा उजेड तो शिकला तो या ओल्या वाळूवर. मोत्याची चमक आणि डबक्याच्या काठाची चमक, फटकारा एकच आहे.

दोन्हींतलं कुठलं चांगलं हे विचाराल तर माझं मन बोस्टनच्या छोट्याकडे जातं, तिथे ढग आणि वाळू यांच्यात कमी सभ्यता आहे, रंग अजून ओला असल्यासारखा. पण बायका म्हणून, माणसं म्हणून बघायचं तर वॉशिंग्टनचं मोठं. नॅशनल गॅलरीच्या साइटवर त्याचा मोठा फोटो फुकट डाउनलोड करता येतो. तो उघडला की चेहऱ्यांकडे लगेच जाऊ नका. खालून सुरुवात करा, सगळ्यात पुढच्या पाण्यापासून, तिथून पावलांकडे, झग्यांच्या कडांकडे, टोपल्यांकडे, मग खांद्यांवरच्या उन्हाकडे, आणि शेवटी उजवीकडे मागे, दीपगृहाखालून उतरणाऱ्या त्या छोट्या माणसांकडे, ज्यांना दोन-तीन फटकाऱ्यांत केलंय आणि तरी प्रत्येकाची चाल वेगळी आहे.